नंबर लागेपर्यंत: परदेशात राहून भारतातून मूल दत्तक घेताना

होम स्टडी (सोशल वर्करनं केलेली आमच्या घराची, कुटुंबाची तपासणी) झाली, ‘कारा’ या भारत सरकारच्या दत्तक संस्थेच्या पोर्टलवर नाव चढलं, आता नुसती वाट बघायची, असं मला वाटलं होतं. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. पहिले सहा महिने मी रोज चहा ठेवला की पोर्टल उघडून प्रतीक्षा यादीतला आमचा नंबर बघायचे. माझ्या बघण्यानं तो काही हलत नव्हता. शेवटी पगाराच्या दिवशी, महिन्यातून एकदाच, आणि तोही नवऱ्यानं बघायचा असं ठरलं. तुम्हीही दिवस ठरवून टाका.

खरं काम मुदतींचं आहे, कारण वाट बघता बघता कागद शिळे होतात. अमेरिकन सरकारची आय-८००ए मंजुरी (आईबाप व्हायला तुम्ही पात्र आहात अशी) १५ महिने चालते, बोटांचे ठसेही १५च महिने. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत वाढ मागता येते, पण सोबत ताजी केलेली होम स्टडी लागते आणि सोशल वर्करची वेळ मागितल्या दिवशी मिळत नाही. आम्ही हे शेवटच्या आठवड्यावर ढकललं, मग जी पळापळ झाली ती विचारू नका. त्यानंतर आमच्या कालनिर्णयवर संकष्टीच्या शेजारी लाल पेननं ‘ठसे’ लिहिलेलं असायचं, तेही मुदतीच्या चार महिने आधी.

नातेवाइकांना एकदाच नीट सांगून ठेवा. सासूबाई दर रविवारी सांगलीहून व्हिडिओ कॉल करून म्हणायच्या, “अगं, इथल्या एका संस्थेत आपली ओळख आहे, विचारू का?” नाही विचारायचं! भारतानं २००३ साली स्वीकारलेल्या, परदेशी दत्तकाबद्दलच्या हेग करारानुसार, अटी पूर्ण होण्याआधी मुलाचे आईवडील किंवा त्याला सांभाळणारी माणसं यांच्याशी संपर्क करायचा नसतो. आपल्या भल्यासाठी केलेला फोन आपल्याच अंगाशी यायचा. पुढे मुलाचा फोटो आला की तोही घरच्या ग्रुपवर टाकू नका. आत्या, मावश्या रुसतात, रुसू द्या.

डॉक्टर आधीच शोधून ठेवा. दत्तक मुलांच्या तब्येतीच्या फायली वाचून देणारे बालरोगतज्ज्ञ इथे असतात. मुलाची माहिती आली की होकार-नकाराला मोजके तास मिळतात. तेव्हा शोधाशोध करत बसलात तर संपलं. वजन, उंची, डोक्याचा घेर हे एकाच दिवसाचे आकडे फारसं सांगत नाहीत, आधीच्या महिन्यांचेही असले तर मागून घ्या.

खोली सजवायची घाई करू नका. मी हौसेनं पाळणा घेतला आणि आली ती तीन वर्षांची. पाळण्यात आता बाहुल्या झोपतात. मूल मराठीच बोलेल हेही मी धरून चालले होते. आम्ही राज्याची अट घातली नव्हती, लेक निघाली ओडिशाची. मग शेजारच्या ओडिया बाईंकडून रोजचे शब्द घेतले: भूक म्हणजे ‘भोक’, झोप म्हणजे ‘निद’. पाणी तर पाणीच. पंधरावीस शब्द पुरतात, पण उच्चार बोलणाऱ्याकडूनच शिका.

होकार दिल्यावर दुसरी वाट सुरू होते, आणि ती जास्त जड जाते, कारण आता फोटो असतो. आय-८०० (त्या ठरलेल्या मुलासाठीचा अमेरिकन अर्ज), काराची एनओसी म्हणजे ना-हरकत पत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश (सप्टेंबर २०२२पासून कोर्टाऐवजी तेच देतात), मुलाचा पासपोर्ट, मग दिल्लीत व्हिसा. या काळात ऑफिसात एफएमएलएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कौटुंबिक रजेच्या कायद्याखालच्या, रजेचं बोलून घ्या. दत्तकासाठीही १२ आठवडे मिळतात, बहुधा बिनपगारी. पण कंपनीत ५० माणसं आणि तुमचं वर्षभर काम झालेलं हवं. परतीचं तिकीट बदलता येणारं काढा. आम्ही दोनदा बदललं.