नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्यात शिक्षणसंस्थेचं काम: पहिल्या तीन महिन्यांची तयारी

शिक्षणावर काम करणाऱ्या संस्थेत रुजू होणाऱ्याला वाटतं, उद्यापासून मुलांना शिकवायचं. प्रत्यक्षात पहिला पंधरवडा परवानग्या, ओळखी आणि एसटीच्या वेळा समजून घेण्यातच जातो. तो जाऊ द्या. इथे घाई केली की पुढे वर्षभर निस्तरावं लागतं.

नेमणूकपत्र हातात घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: प्रकल्पाचा निधी कोणत्या महिन्यापर्यंत आहे, दुचाकीचा प्रवासभत्ता किलोमीटरमागे किती, आणि अपघात विमा आहे का. विचारताना संकोच नको. पावसाळ्यात धुक्यातून सावळघाट चढायचा-उतरायचा तो तुम्हालाच.

जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांचं पत्र लागतं. ते घेऊन पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटा, मग केंद्रप्रमुखांना (आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारे अधिकारी), आणि शेवटी शाळेत जा. आश्रमशाळा मात्र आदिवासी विकास विभागाच्या असतात. तिथे जिल्हा परिषदेचं पत्र चालत नाही, आणि मुख्याध्यापकांनी परत पाठवलं तर ते बरोबरच आहे. पेठची परवानगी या विभागाच्या नाशिक प्रकल्प कार्यालयातून, सुरगाण्याची कळवणमधून घ्यावी लागते.

आता खरं काम: कोणतं मूल किती वाचतं, हे कळणं. ग्रामीण मुलांचं वाचन-गणित घरोघरी जाऊन तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाची पद्धत यासाठी सोपी आणि पुरेशी आहे. तिसरी ते पाचवीच्या मुलांना एकेक करून वर्गाबाहेर, ओसरीवर किंवा झाडाखाली बसवा. समोर न बसता शेजारी बसा. आधी नाव, घरी कोण कोण असतं, असं दोन मिनिटं बोला. मग पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद द्या. तीनपेक्षा जास्त चुका न करता, वाक्याच्या लयीत वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट द्या. अडखळलं तर शब्दांवर या: कोणतेही पाच शब्द, त्यातले चार बरोबर यायला हवेत. तेही जमत नसेल तर पाच अक्षरं, तीही चार बरोबर हवीत. एका मुलाला पाचेक मिनिटं लागतात, म्हणजे वीस मुलांची शाळा एका माणसाला एका सकाळी होते.

नवा कार्यकर्ता हमखास फसतो तो इथे. मूल पाठ्यपुस्तकातला धडा घडाघडा म्हणतं आणि आपण ‘वाचतं’ अशी नोंद करतो. त्याचं बोट पाहा. तोंड तिसऱ्या ओळीवर आणि बोट अजून पहिल्याच शब्दावर असेल, तर ते पाठांतर आहे. म्हणून चाचणीचा मजकूर पुस्तकाबाहेरचाच हवा. दुसरी खूण ‘क… म… ळ’ ही. मूल तिन्ही अक्षरं अचूक ओळखतं आणि तरी ‘कमळ’ म्हणत नाही. त्याला पुन्हा मुळाक्षरं गिरवायला लावणं म्हणजे त्याचा वेळ वाया घालवणं. त्याला अक्षरं जोडून शब्द वाचायचा सराव द्या. भ-म, घ-ध, थ-य यांचा गोंधळ आणि पहिली वेलांटी वगळून वाचणं, यांची नोंद वेगळी ठेवा. पुढची शब्दकार्डं त्यावरूनच बनतात.

गट इयत्तेप्रमाणे पाडू नका, पातळीप्रमाणे पाडा: अक्षर-शब्दवाले एका गटात, परिच्छेद-गोष्टवाले दुसऱ्यात. पाचवीचं मूल अक्षरगटात आलं तर त्याला लाज वाटते, आणि ती लाज खरी असते. गटाला ‘कच्चा’ म्हणू नका. आंबा, मोहा अशी नावं द्या आणि दर दहा-बारा दिवसांनी पुन्हा तपासून मुलं पुढे सरकवा. एका गटात पंधरापेक्षा जास्त मुलं झाली की मागच्या रांगेतलं मूल दिवसभरात एकदाही वाचत नाही.

भाषेचा प्रश्न सगळ्यात नाजूक आहे. इथली बरीच मुलं घरी कोकणा किंवा वारली बोलतात. चित्र दाखवल्यावर मूल घरचा शब्द बोललं तर ‘चूक’ म्हणू नका. तो शब्द फळ्यावर लिहा, शेजारी मराठी लिहा आणि दोन्ही वाचून घ्या. गावातल्या एखाद्या शिकलेल्या ताईला आठवड्यातून दोनदा वर्गात बसवलं, तर महिन्याभरात गप्प मुलं बोलू लागतात.

गुरुजींच्या हजेरीत, त्यांच्यासमोर, त्यांच्या वर्गाचा निकाल पाहुण्यांना सांगू नका. द्विशिक्षकी शाळेत चार इयत्ता, पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरणं असं सगळं दोघांवर असतं. आधी गुरुजींसोबत बसून आकडे पाहा, मगच संस्थेला पाठवा. गुरुजींना विश्वासात घेतलं नाही, तर तुमची कार्डं तुम्ही गेल्यावर कपाटातच राहतील.

वेळापत्रक कार्यालयाच्या नव्हे, शेतीच्या कॅलेंडरवर बसवा. पहिली चाचणी जूनअखेर उरका, कारण जुलैत भात-नागलीची आवणी (रोपांची लावणी) सुरू झाली की मोठी मुलं धाकट्यांना सांभाळायला घरी राहतात. सलग पंचेचाळीस दिवसांचा वर्ग ऑगस्टच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत चालतो. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला जातात आणि पोरं सोबत नेतात.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावा. या समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, त्यामुळे कोण कुठे जाणार हे तिथेच कळतं. कोणाची मुलं आजी-आजोबांकडे राहू शकतील, ते नावानिशी लिहून घ्या. जी जाणार आहेत त्यांना शाळेतून शिक्षण हमी कार्ड (स्थलांतराच्या गावी शाळेत बसता यावं म्हणून दिलं जाणारं) मिळालं का, ते पाहा, आणि बागेचं गाव व पालकाचा फोन नंबर वहीत टिपा. मार्चच्या चाचणीत ही मुलं ‘गैरहजर’ म्हणून सोडून दिली तर तुमचा अहवाल छान दिसतो, पण तो खोटा असतो. वही घेऊन बागेवर जा, मजुरांच्या पालाबाहेर बसून त्यांचंही वाचन घ्या. दुपारच्या जेवणाची सुट्टी त्यासाठी बरी, कारण आई-बापही तेव्हा ऐकायला बसतात.