लॉन मोअर: चावी फिरवली की इंजिन अर्धा फेरा घेऊन अडतं

बसून चालवायचा मोअर, एक सिलिंडर, ओएचव्ही (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर). स्टार्टर जोर लावतो आणि इंजिन कॉम्प्रेशनला, म्हणजे पिस्टन हवा दाबतो तिथे, अडतं. बॅटरी नवी टाकली, सोलेनॉइड (स्टार्टरला करंट सोडणारा स्विच) बदलला, अर्थची वायर घासून आवळली, फरक शून्य. गवत गुडघ्याला आलेलं, नुसता वैताग.

दोष व्हॉल्व्हच्या गॅपचा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातल्या फटीचा. गॅप वाढला की कॉम्प्रेशन रिलीज (सुरू करताना व्हॉल्व्ह किंचित उघडून दाब कमी करणारी सोय) काम करत नाही, स्टार्टर बिचारा पूर्ण दाबाशी झुंजतो.

इंजिन थंड हवं. प्लग काढा, व्हॉल्व्ह कव्हर उघडा. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकला वर आणा, मग पाव इंच खाली. रॉकरचा लॉक स्क्रू सैल करून नट फिरवा. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) त्या फटीत किंचित अडखळत सरकला पाहिजे. माझ्याकडे इनटेक (हवा आत घेणारा व्हॉल्व्ह) ०.००३ ते ०.००५ इंच, एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) ०.००५ ते ०.००७, तुमचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. स्क्रू आवळल्यावर गॅप पुन्हा मोजा, आवळताना तो हमखास हलतो.