पंचायत-पालिकेच्या कागदावर माणसाची नोंद कशी करावी

ग्रामपंचायतीचा ठराव किंवा नगरपालिकेची नोटीस ज्याच्याविषयी लिहिलेली असते, तोच माणूस पुढे तिची नक्कल मागतो आणि प्रसंगी तिच्याच आधारे दाद मागतो. म्हणून मसुदा करताना माणसाविषयीच्या प्रत्येक शब्दाला दोन प्रश्न विचारावेत : या कामासाठी ही माहिती लागते का, आणि लागत असल्यास कायद्यात तिला काय म्हटले आहे? कमी लेखणारा शब्द सहसा वस्तुस्थितीही चुकीची सांगतो, त्यामुळे बहुतेक अवमानकारक शब्द या दोन चाळण्यांतच गळून पडतात.

पहिली चाळणी नावापासूनच लावावी. ‘श्रीमती’ म्हणजे पतीचे निधन झालेली स्त्री, हा समज आपल्याकडे अजून पक्का आहे. त्यामुळे एकाच यादीत काहींना ‘सौ.’ आणि काहींना ‘श्रीमती’ लावले, की पाणीपट्टीच्या थकबाकीची यादीही बायकांची वैवाहिक स्थिती गावभर सांगत राहते. सर्व स्त्रियांसाठी ‘श्रीमती’ वापरावे किंवा सर्वांचीच उपपदे गाळावीत. मात्र निराधार अनुदानासारख्या प्रकरणात पात्रताच त्या स्थितीवर ठरत असेल, तर ‘विधवा’ असे स्पष्ट लिहावे. २०२३ मध्ये या शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ वापरण्याची सूचना पुढे आली तेव्हा तिच्यावर टीका झाली आणि ती योग्यच होती, कारण शब्दावर अलंकार चढवल्याने नोंद अधिक सन्मानाची होत नाही, फक्त अस्पष्ट होते.

वडील किंवा पती एवढाच रकाना असलेले जुने नमुनेही बदलावेत. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय नोंदींत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम राज्याने ठरवला आहे. ‘कुटुंबप्रमुख’ म्हणजे पुरुष असेही गृहीत धरू नये. शिधापत्रिकेपुरते बोलायचे तर २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार घरातील अठरा वर्षे पूर्ण केलेली सर्वांत ज्येष्ठ स्त्रीच कुटुंबप्रमुख असते.

दिव्यांगत्वाविषयी लिहिताना २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकार डोळ्यांसमोर ठेवावेत आणि कामाला आवश्यक असेल तेव्हाच नेमका प्रकार लिहावा. ‘दिव्यांगांसाठी सोय करणे’ या शब्दांतून कंत्राटदाराला काहीच कळत नाही, तर ‘चाकाची खुर्ची जाईल असा उतार आणि कठडा बांधणे’ असे लिहिल्यास काम मोजता येते. लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ न छापता ‘तृतीयपंथी’ असे छापावे.

जातीचा उल्लेख पात्रतेसाठी लागत असेल तिथे ‘अनुसूचित जाती’, ‘अनुसूचित जमाती’, ‘विमुक्त जाती’ हेच प्रवर्ग लिहावेत. ज्या जमातींवर १८७१ च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्यांना १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाल्यावर ‘विमुक्त’ हे नाव मिळाले, हे ठाऊक असलेला लेखनिक तो शब्द हलगर्जीपणे बदलणार नाही. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्याने डिसेंबर २०२० मध्ये घेतला असून, नव्या पत्रव्यवहारात नवे नावच यावे.

खरी अडचण व्याकरणात येते, कारण मराठी क्रियापद लिंग लपवू देत नाही. ‘अर्जदार हजर राहिला नाही, तर त्याचा अर्ज निकाली काढला जाईल’ हे वाक्य प्रत्येक अर्जदाराला पुरुष ठरवते, आणि ‘राहिला/राहिली’, ‘त्याचा/तिचा’ अशा तिरक्या रेघांनी ते वाचण्याजोगे उरत नाही. मराठीतच त्यावर उपाय आहे : ‘अर्जदार उपस्थित न राहिल्यास अर्ज निकाली काढण्यात येईल’ किंवा ‘अर्जदाराने आपली कागदपत्रे सादर करावीत’ या रचनांत क्रियापद कर्त्याचे लिंग दाखवत नाही आणि ‘आपली’ हे रूप कोणालाही चालते. सरपंच, सदस्य, सभापती हे शब्द दोघांनाही लागू आहेत. ‘पुरुष सरपंच’ कोणी लिहीत नाही, तेव्हा आरक्षणाचा संदर्भ नसताना ‘महिला सरपंच’ही लिहू नये. ‘सरपंचपती’ हे पदच नसल्याने इतिवृत्तात त्याला जागा नाही.

इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ हा शब्द सवयीने लिहिला जातो. एकाही सदस्याने विरोध नोंदवला असेल तर ‘बहुमताने’ लिहून बाजूची व विरोधाची मते आकड्यांत द्यावीत, आणि ‘ग्रामस्थांची मागणी’ लिहिण्याआधी ती कोणत्या वस्तीतून आली हे तपासावे.

हे शब्द बहुधा कोणी नव्याने लिहीत नाही. ते संगणकातील जुन्या फाइलवरून उतरतात, म्हणून दुरुस्ती मूळ नमुन्यातच करावी. जुन्या नोंदवहीत मात्र खाडाखोड करू नये, आणि तिची प्रमाणित नक्कल देताना मूळ शब्द जसेच्या तसे ठेवून आजचा शब्द फक्त सोबतच्या पत्रात वापरावा.