‘स्क्वॉट’ आणि ‘स्क्वॉटर’ मराठीत आणताना

इंग्रजीतून मराठी करण्याचं काम मी सव्वीस वर्षं करतेय. कोर्टाची कागदपत्रं, सर्वेक्षणाचे फॉर्म, व्यायामाची पुस्तकं, जुनी प्रवासवर्णनं, जे येईल ते. या सगळ्यात ‘स्क्वॉट’ हा शब्द मला इतक्या वेगवेगळ्या वेशांत भेटलाय की त्याची मी वेगळी वहीच केली. कोश उघडला तर ‘उकिडवे बसणे’ आणि ‘अनधिकृतपणे जागा बळकावणे’ एवढं मिळतं. तेवढ्यावर काम भागत नाही, आणि एकदा तर माझ्या हातून त्यामुळे एका बाईचा अपमान झाला. ते पुढे सांगतेच. नव्याने अनुवादाला बसणाऱ्यांसाठी ही वही इथे उघडतेय.

आधी शब्दाचं मूळ समजून घ्या, पुढचं सगळं सोपं जातं. जुन्या फ्रेंचमधल्या ज्या क्रियापदातून हा आला, त्याचा अर्थ दाबून चपटं करणं. इंग्रजीतही तो सुरुवातीला चिरडण्याच्या अर्थाने वापरला जाई. मग अंग दाबून जमिनीलगत बसणं असा अर्थ आला. शिकारी कुत्र्याची चाहूल लागली की ससा जसा दबकून बसतो, तसं. मग तसा बसलेला माणूस, आणि शेवटी दुसऱ्याच्या जमिनीवर बसला तो बसलाच, असा माणूस. म्हणून शब्द समोर आला की मी पहिल्यांदा एवढंच विचारते: कोण बसलंय, कशावर बसलंय, आणि ‘बसलाय’ असं म्हणतंय कोण?

शरीराच्या बसण्यापासून सुरुवात करा. इथे मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे आणि आपण ती श्रीमंती वापरत नाही. टाचा जमिनीला टेकलेल्या, गुडघे वर, बूड अधांतरी, ते उकिडवं बसणं. टाचा उचललेल्या असतील तर चवड्यावर बसणं. बूड टेकलं की ते फतकल मारणं होईल, मांडी घालणं होईल, ‘स्क्वॉट’ राहणार नाही. साताऱ्याकडे आमच्या शेतात बाया खुरपायला बसायच्या तेव्हा मी हे पाहत मोठी झाले. आई उकिडवी बसायची, डाव्या हाताने गवताचा झुबका धरायचा, उजव्या हातातलं खुरपं मुळाशी घालायचं, आणि न उठता एकेक पाऊल पुढे सरकत अख्खी सरी संपवायची. डोक्यावर पदर, गुडघ्यांत खोचलेलं लुगडं. इंग्रजी पानावर ‘बायका शेतात स्क्वॉट करत होत्या’ असं आलं की ‘बसल्या होत्या’ लिहू नका. ‘बसल्या होत्या’ वाचून विसावा डोळ्यांपुढे येतो. ‘उकिडव्या बसून सरकत होत्या’ लिहिलं की कष्ट दिसतात.

व्यायामाचं पुस्तक असेल तर ‘बैठका’. ‘उठाबशा’ लिहिण्याचा मोह टाळा, कारण उठाबशा म्हणताच कान धरून वर्गात काढलेली शिक्षा आठवते. कोल्हापूरच्या तालमीत पैलवान ‘जोर-बैठका’ मारतात, तिथे कुणाला अर्थ समजवावा लागत नाही. मात्र खांद्यावर लोखंडी बार घेऊन केला जाणारा प्रकार हा जिममध्ये सगळ्यांच्या तोंडी ‘स्क्वॉट’च आहे, तो तसाच ठेवा. पॉवरलिफ्टिंगच्या नियमांत तर मांडीचा कमरेजवळचा भाग गुडघ्याच्या वरच्या टोकापेक्षा खाली गेला पाहिजे अशी अट असते. तिथे ‘बैठक’ म्हटलं तर पंचाचा नियम धूसर होतो.

संडासाच्या बाबतीत कागदावर ‘भारतीय पद्धतीचे शौचालय’ लिहितात, आणि ते सरकारी पत्रकात चालतंही. पण गवंड्याला किंवा प्लंबरला उद्देशून माहितीपत्रक असेल तर त्याच्या तोंडचा शब्द घ्या. पाय ठेवायच्या जागेसकट येणाऱ्या भांड्याला दुकानात ‘ओरिसा पॅन’ म्हणतात. एवढा एक शब्द बरोबर पडला की वाचणाऱ्याला कळतं, लिहिणाऱ्याने दुकान पाहिलंय.

विशेषण म्हणून आला तर वस्तू आणि माणूस वेगळे करा. बाटली, इमारत, बुरूज ‘बसका’. माणूस बुटका आणि रुंद, आणि लेखकाच्या मनात माया असेल तर ‘ठेंगणाठुसका’.

आता ‘स्क्वॉटर’. खरी अडचण इथे आहे, आणि इथे देश आणि साल पाहिल्याशिवाय एक अक्षरही लिहू नये.

माझी पहिली मोठी चूक ऑस्ट्रेलियावरच्या एका जुन्या वर्णनात झाली. मी ‘झोपडपट्टीवासी’ लिहून मोकळी झाले होते. दहा पानांनी त्याच माणसाच्या दिवाणखान्यात पियानो निघाला आणि कुरणात हजारो मेंढ्या. मी पेन खाली ठेवलं आणि दोन दिवस फक्त इतिहास वाचला. न्यू साउथ वेल्समध्ये १८२९ साली सरकारने १९ काउंटींची (म्हणजे जिल्ह्यांसारख्या विभागांची) हद्द ठरवून त्यापलीकडे वस्ती करायला मनाई केली होती. लोक मेंढ्या घेऊन पलीकडे गेलेच. सुरुवातीला ‘स्क्वॉटर’ ही शिवीच होती, गुरं चोरणाऱ्या माजी कैद्यांना लावलेली. पण १८३६ मध्ये गव्हर्नर बर्क यांच्या काळात वर्षाला १० पौंड भरून चराईचा परवाना मिळू लागला, लोकरीने पैसा आला, आणि थोड्याच वर्षांत तोच शब्द बड्या मेंढपाळ जमीनदारांचा मानाचा झाला. त्यांच्या वर्गाला ‘स्क्वॉटोक्रसी’ असं नावही पडलं. तेव्हा ऑस्ट्रेलियातलं पान असेल तर ‘मोठा मेंढपाळ जमीनदार’ किंवा ‘कुरणदार’ लिहा आणि पहिल्या वेळी एका वाक्यात खुलासा द्या. आणि तो खुलासा देताना, ती कुरणं रिकामी नव्हती, तिथे मूळ रहिवाशांचे समाज हजारो वर्षं राहत होते, हे सांगायला विसरू नका. त्यांना हुसकावणाऱ्यांच्या नावातच ‘बसणारा’ आहे. अनुवादात ते पुसलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेतलं चित्र वेगळं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेम्स मॅडिसन यांच्या १७८८ च्या एका पत्रात हा शब्द दुसऱ्यांच्या जमिनीवर राहणाऱ्यांसाठी आलाय. पुढे १८४१ च्या कायद्याने अशा लोकांना आपण कसत असलेली १६० एकरांपर्यंतची सरकारी जमीन एकरी सव्वा डॉलरने, लिलावाआधी, विकत घेण्याचा हक्क दिला. तिथे मी ‘विनापट्टा कसणारा’ लिहिते. पट्टा म्हणजे काय आणि तो नसणं म्हणजे काय, हे आपल्या वाचकाला नीट ठाऊक असतं.

इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची भीषण टंचाई होती. १९४६ च्या उन्हाळ्यात बेघर कुटुंबं रिकाम्या लष्करी छावण्यांत जाऊन राहिली, आणि ८ सप्टेंबरला लंडनच्या केन्सिंग्टनमधल्या ‘डचेस ऑफ बेडफर्ड हाउस’ या इमारतीत पोराबाळांसकट शिरली. या लोकांना ‘घुसखोर’ म्हणायचं का? मी ‘रिकाम्या घरांत शिरलेली बेघर कुटुंबं’ असं लांब लिहिते. शब्द वाढले तरी चालतील. पण १ सप्टेंबर २०१२ नंतरची बातमी असेल तर इंग्लंड-वेल्समध्ये राहत्या घरात असं शिरून राहणं हा फौजदारी गुन्हा आहे, तिथे ‘बेकायदा घुसून राहणे’ हेच बरोबर. दुकानं-कार्यालयांना तो कायदा लागू नाही, हेही तपासून घ्या.

आपल्याकडच्या कागदांत सगळ्यात जास्त काळजी लागते. ‘भोगवटादार’ हा शब्द चुकूनही वापरू नका. सातबाऱ्यावरचा भोगवटादार हा कायदेशीर धारक असतो. ‘स्क्वॉटर’ला तो शब्द लावलात तर एका ओळीत तुम्ही त्याला मालकी देऊन टाकाल. सरकारी किंवा गायरान जमिनीवर असेल तर कार्यालयाचा शब्द ‘अतिक्रमणधारक’. मुदत संपूनही खोली न सोडणारा भाडेकरू हा ‘स्क्वॉटर’ नव्हे, तो परवानगीने आत आला होता. हा फरक प्रतिकूल कब्ज्याच्या दाव्यात, म्हणजे ‘इतकी वर्षं ताबा माझा आहे, म्हणून जागा माझी’ अशा दाव्यात, निर्णायक ठरतो. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार खासगी जागेसाठी १२ वर्षं आणि सरकारी जागेसाठी ३० वर्षं लागतात, पण नुसती वर्षं मोजून भागत नाही. कब्जा उघड, सलग आणि मालकाच्या हक्काविरुद्ध असावा लागतो. मूळ इंग्रजीत ‘स्क्वॉटर’ असेल आणि मजकूर अशा दाव्याचा असेल, तर ‘कब्जा असलेली व्यक्ती’ एवढंच तटस्थ लिहा. अनधिकृत की नाही, ते कोर्ट ठरवणार आहे. अनुवादकाने आधीच निकाल देऊ नये.

आता ती बाई. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका संस्थेने वस्तीतल्या सर्वेक्षणाचा फॉर्म मराठी करायला दिला. एका रकान्यात ‘स्क्वॉटर’ होतं. मी घाईत ‘घुसखोर’ लिहिलं. छपाई झाली, आणि फॉर्म भरताना कसा जातोय ते पाहायला मीही सोबत गेले. पत्र्याचं दार, उंबऱ्याबाहेर निळं पिंप, आत एका बाजूला शिलाई मशीन. फॉर्म भरून घेणाऱ्या मुलीने प्रश्न वाचला. बाईंनी फॉर्म हातात घेतला, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “ताई, माझ्याकडे फोटोपास आहे. लाइट बिल माझ्या नावावर आहे. घुसखोर कोण?” आणि दार लावून घेतलं. फोटोपास म्हणजे झोपडीधारकाला मिळणारं सरकारी ओळखपत्र. तो शब्द माझा होता. त्या फॉर्मवर माझं नाव नव्हतं म्हणून त्या मुलीला ऐकून घ्यावं लागलं.

महाराष्ट्रात या लोकांसाठी शब्द आहेत, आणि ते कायद्याने घडवलेत. १९७१ च्या झोपडपट्टी कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांमुळे १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहणारे ‘संरक्षित झोपडीधारक’ ठरतात. ‘पात्र’, ‘अपात्र’, ‘परिशिष्ट दोन’ (कोण पात्र, कोण अपात्र याची यादी) हे शब्द वस्तीतल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. रस्त्याकडेला राहणारे ‘पदपथवासी’. त्यांच्याच खटल्यात, १९८५ साली, सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या खंडपीठाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगितलं होतं. त्याच निकालाने रीतसर नोटीस देऊन त्यांना हटवायला परवानगीही दिली, म्हणून सारांश करताना दोन्ही गोष्टी लिहा. आम्ही फॉर्म पुन्हा छापला तेव्हा त्या रकान्यातून नाम काढूनच टाकलं. ‘या जागेवर कोणत्या सालापासून राहता?’ एवढा प्रश्न ठेवला. जी माहिती हवी होती ती तेवढ्यात मिळाली.

उरलेले अर्थ भराभर सांगते. ‘सायबरस्क्वॉटिंग’ म्हणजे दुसऱ्याचं प्रसिद्ध नाव आधीच डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, म्हणून नोंदवून अडवून ठेवणं. ‘नाव अडवणे’ हे क्रियापद चपखल बसतं. डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मान्य केलंय.

जहाजांवरच्या मजकुरात ‘स्क्वॉट’ आला तर सावध. उथळ पाण्यात वेगाने जाताना जहाज नेहमीपेक्षा खोल दबतं, त्याला हा शब्द आहे. ७ ऑगस्ट १९९२ रोजी ‘क्वीन एलिझाबेथ २’ हे मोठं प्रवासी जहाज अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्याजवळ पाण्याखालच्या खडकांना घासलं, त्यामागे ही दबण्याची खोली कमी धरली जाणं हेही एक कारण होतं. ‘जहाज बसले’ असं लिहू नका, किनाऱ्यावरचा वाचक ते वाळूत रुतलं असं समजेल. ‘दबले’ लिहा. मोटारीचा वेग एकदम वाढवला की तिचा मागचा भाग खाली जातो, तिथे मात्र ‘गाडी मागून बसते’ असंच मेकॅनिक म्हणतो.

आणि अमेरिकन बोलीत कुणाला ‘स्क्वॉट’ कळत नाही असं आलं, तर त्यात बसण्याचा काही संबंध नाही. ‘त्याला ओ की ठो कळत नाही’ लिहा आणि पुढच्या ओळीकडे वळा.