लिबपीएनजीचा इशारा: बिल्ड १.५ वर, चालतंय १.६ वर

उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीसाठी कास्टिंगचे फोटो तपासणारा ओपन सोर्स प्रोग्राम उबुंटूवर बिल्ड केला (म्हणजे सोर्स कोडपासून तयार केला). बिल्ड सुरळीत, पीएनजी फोटो उघडला की लिबपीएनजीचा (पीएनजी वाचणाऱ्या लायब्ररीचा) वरचा इशारा आणि प्रोग्राम बंद. रीइन्स्टॉल केलं, पाथ बदलले. डोक्याला नुसता ताप!

शेवटी कारण सापडलं: हेडर (लायब्ररीतल्या फंक्शनांची ओळख देणाऱ्या फाइल) येत होते सोर्ससोबतच्या लिबपीएनजीच्या जुन्या १.५ प्रतीतून, लिंक (जोडणी) होत होती सिस्टीमच्या १.६ लायब्ररीशी.

आधी लिबपीएनजीचं डेव्ह पॅकेज (सिस्टीमच्या लायब्ररीचे हेडर देणारं) टाका. मग सोर्सच्या थर्ड-पार्टी फोल्डरमधली लिबपीएनजीची तेवढीच प्रत बाहेर हलवा (तिला प्रकल्पवाल्यांनी स्वतःचे पॅच मारलेत का, ते बघूनच). सीमेकच्या (बिल्ड कसं करायचं ते ठरवणाऱ्या टूलच्या) फाइलमधून तिची इन्क्लूडची ओळ काढून फाइंड-पॅकेज (सिस्टीमवरची लायब्ररी शोधणारी आज्ञा) लिहा, लिंकला पीएनजी::पीएनजी द्या. बिल्ड फोल्डर अख्खं उडवा. सीमेकची कॅशे जुनाच पाथ धरून बसते. नव्याने बिल्ड करून एलडीडी (प्रोग्राम कोणत्या लायब्ररी वापरतो ते दाखवणारी कमांड) चालवा: लिबपीएनजी१६ एकदाच दिसली पाहिजे.