ग्रुपवर मेसेज ढकलायच्या आधी एवढं बघा (खास सोलापूरकरांसाठी)

पावसाळ्यात आपल्याकडं एक मेसेज हमखास फिरतो, "उजनीतून दीड लाख क्युसेक सोडलं, भीमाकाठच्या गावांनी सावध राहा." आता हा खरा पण असू शकतो, म्हणून तर तपासायचा.

पहिलं, तारीख. मेसेजमध्ये नुसतं "आज" असेल तर तो आज कधीचा? मग आकडा कुठला ते बघा, उजनी धरणाचा, वीर धरणाचा की पंढरपूरला नदीत वाहणाऱ्या पाण्याचा. वीरचं पाणी नीरेतून नरसिंहपूरला भीमेत येतं त्यामुळं तिन्ही आकडे वेगळे असतात आणि लोक बिनधास्त एकाचा दुसऱ्याला चिकटवतात. उन्हाळ्यात उलटा प्रकार, "उजनी मायनस, पाणी संपलं!" अहो मायनस म्हणजे उपयुक्त साठा संपला, खाली मृतसाठा असतो, भरलेला असेल तर साधारण 63 टीएमसी, आणि पिण्याचं पाणी त्यातूनच उचलतात. जिल्हा प्रशासनाचं किंवा जलसंपदाचं त्या दिवसाचं पत्रक मिळालं तर तेच पाठवा, कुणीतरी टाइप केलेलं नको.

दुसरं, व्हिडिओ. पॉज करा, स्क्रीनशॉट काढा, गूगल लेन्सला टाका, तेच चित्र आधी कुठं आलंय का ते कळतं. तेवढा वेळ नसेल तर गाड्यांच्या नंबरप्लेट आणि दुकानाच्या पाट्या तरी बघा, "सोलापुरात राडा" म्हणतात आणि एक पण एमएच 13 दिसत नाही, पाट्या भलत्याच भाषेत, मग काय समजायचं ते समजा.

तिसरं, दोन बाणांची खूण. तो मेसेज खूप हात फिरून आलाय, व्हॉट्सअ‍ॅप पण तो एका वेळी एकाच चॅटला जाऊ देतं. अशा वेळी पाठवणाऱ्याला सरळ विचारा, "तुला कुठनं आला?" बहुतेक वेळा उत्तर येतच नाही.

मुलं पळवणारी टोळी वगैरे असेल तर मात्र फॉरवर्ड करूच नका, 112 ला फोन लावा. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला असल्याच अफवेवरनं जमावानं पाच जणांना ठेचून मारलं, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती, आपल्याच मंगळवेढ्याकडची.

आता कुणी म्हणेल, मग बोलायचंच नाही का? बोला की! घटनेचं 19(1)(क) कलम त्यासाठीच आहे, आणि फेसबुक पोस्टवरनं उचलायला वापरायचे ते आयटी कायद्याचं 66अ कलम सुप्रीम कोर्टानं 2015 लाच रद्द केलंय. 1930 च्या मार्शल लॉमध्ये याच शहरात तिरंगा लावायला पण बंदी होती, तेव्हाच्या चार हुतात्म्यांच्या चार पुतळ्यापाशी गेलात की आठवेल. तर नळाला पाणी कधी येतं, रस्ता कसाय, यावर तोंड भरून टीका करा, ते तुमचं मत. पण "अमक्यानं एवढे लाख खाल्ले" हे मत नाही, आरोप आहे, त्याला कागद लागतो नाहीतर बदनामीची केस होते. कागद हवा तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे. (देतातच असं नाही, मग अपील.)

अ‍ॅडमिन लोकांनी फार घाबरू नये, मेंबरनं काही टाकलं म्हणून फक्त अ‍ॅडमिन आहे एवढ्यावर गुन्हा लागत नाही, मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं 2021 ला तसं सांगितलंय. तरी वातावरण तापलं असेल तेव्हा सेटिंगमध्ये "फक्त अ‍ॅडमिन" करून ठेवा.

आणि चुकीचं गेलंच तर गुपचूप डिलीट मारून गप्प बसू नका, त्याच ग्रुपवर "आधीचा मेसेज खोटा होता" असं लिहा, जिथं जिथं पाठवला तिथं तिथं.