‘रोज चालत जा’ म्हणजे सल्ला नव्हे: शारीरिक हालचालींचे मार्गदर्शन शिकवताना या चुका टाळा

रक्तदाब मोजायला शिकवताना आपण वैद्यकीय विद्यार्थ्याच्या हाती यंत्र देतो आणि पट्टा चुकीचा बांधला तर तो सोडून पुन्हा बांधायला लावतो. शारीरिक हालचालींचा सल्ला मात्र एका व्याख्यानात उरकतो, ही सर्वांत मोठी चूक आहे, कारण हेही हाताखाली घोटून घ्यायचे कौशल्य आहे.

ओपीडीत माझ्या एका विद्यार्थिनीने गुडघेदुखी असलेल्या मधुमेही बाईंना सांगितले, “मावशी, रोज चालत जा.” “बाळा, पहाटे पाचपासून पायांवरच उभी असते मी,” असे म्हणून त्यांनी पिशवी उचलली. सल्ला चुकीचा नव्हता, पण त्याआधी काहीच विचारलेले नव्हते. आठवड्यातले किती दिवस हालचाल होते, किती मिनिटे होते आणि ती श्वास वाढेल इतकी असते का, हे तीन प्रश्न तंबाखू-दारूच्या चौकशीइतकेच अंगवळणी पडायला हवेत. ते विचारले असते, तर दिवसभराचे उभे राहणे आणि भरभर चालणे यांतला फरक समजावता आला असता आणि खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा व्यायाम तिथेच करून दाखवता आला असता.

दुसरी चूक जुन्या टिपणांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम हवेत. हालचाल किमान सलग दहा मिनिटे झाली तरच मोजायची, ही 2010 ची अट त्यात उरलेली नाही, तरीही ती वर्गात अजून सांगितली जाते. बोलता येते पण गाता येत नाही, ही मध्यम हालचालीची खूण शिकवावी. बीटा-ब्लॉकर (नाडीचा वेग कमी करणारी हृदयाची व रक्तदाबाची औषधे) घेणाऱ्यांच्या बाबतीत नाडीच्या आकड्यावर विसंबता येत नाही.

सुरक्षिततेत दोन्ही टोके गाठली जातात. लक्षणे नसलेल्या माणसाला साधे चालणे सुरू करण्याआधीच तपासण्यांची यादी देऊन घाबरवू नये. मात्र छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर आधी तपासणीच हवी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (मधुमेहाची गोळी) घेणाऱ्याला साखर उतरण्याची लक्षणे सांगावीत आणि मधुमेह्याचे तळपाय चपला काढून पाहावेत.

परीक्षेत नसलेले मुले मनावर घेत नाहीत, हे आपण सारे जाणतो. म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेत पाच मिनिटांच्या संवादाला गुण ठेवावेत, आणि काय ठरले व पुन्हा केव्हा विचारायचे, हे विद्यार्थ्याने केसपेपरवर औषधांच्या खालीच लिहिले आहे का, तेही पाहावे.